पोळ्याला धुतलेली कोंबडी

माझे सासरे माझ्याशी कधी बोलत नसत. भांडण नव्हतं हो, अजिबात नव्हतं. आमच्या घराची रीतच तशी. सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, सुनेनं सासऱ्यासमोर पदर ढळू द्यायचा नाही, आणि एकमेकांना काही सांगायचं असेल तर मध्ये सासूबाई. मामंजी वरांड्यातल्या खुर्चीवरून म्हणायचे, "तिला म्हणावं, भाजी तिखट झाली." मी दारातच उभी, कान शाबूत. तरी सासूबाई मान वळवून मला सांगायच्या, "भाजी तिखट झाली म्हणतायत." मी म्हणायची, "त्यांना सांगा, मिरच्याच तशा निघाल्या." मग त्या परत मान वळवायच्या. दिवसभर बाईची मान अशी इकडून तिकडे, तिकडून इकडे.

मी हैदराबादच्याच गौलीगुड्याची. आमच्या गल्लीत बोलणं म्हणजे निम्मं ओरडणं. मराठी, दखनी, तेलुगू, तोंडाला येईल ते, पण समोरच्याच्या तोंडावर. लग्न होऊन विद्यानगरच्या या घरात आले तेव्हा मला वाटलं, सासऱ्यांना ऐकू कमी येतं की काय. मग कळलं की मराठवाड्यातल्या खेड्यातून तरुणपणी हैदराबादला येऊन त्यांनी सगळी नोकरी इथे केली, पेन्शन इथे घेतली, पण गाव काही सोडलं नाही. शेती भावांकडे राहिली आणि रीती यांच्याकडे आल्या. मी फटकळ आहे असं सासरी-माहेरी सगळे म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण या एका माणसासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटलेली. माझा नवरा बापाचाच मुलगा, कामापुरतं बोलणारा. म्हणजे घरात बोलणाऱ्या दोघीच, सासूबाई आणि मी.

आणि कोंबड्या. चहूबाजूंनी अपार्टमेंट उठली तरी आमचं घर बैठंच राहिलं, मागे थोडं अंगण राहिलं, सीताफळाचं झाड राहिलं. तिथे सासूबाईंनी जुन्या कपाटाच्या फळ्यांचं खुराडं करून घेतलं होतं. गावठी कोंबड्या, बोटांवर मोजण्याइतक्या. शेजारच्या बिल्डिंगमधल्या तेलुगू बायका "अम्मा, नाटु कोडीची अंडी आहेत का?" म्हणून वाटी घेऊन यायच्या.

रविवारी सकाळी सासूबाई कोंबड्या तपासायला बसायच्या. एकेक मांडीवर घ्यायची, पंखांवर हात दाबायचा, डोकं काखेत. बघायला सुरुवात मागून. शेपटी वर उचलून आधी मागचं अंग. "तोंड काय, कुणीबी बघतंय," म्हणायच्या. मागची पिसं मऊ, कोरडी, झुबकेदार असली की कोंबडी ठणठणीत. तिथे घाण चिकटून गोळा झाला असला तर पोट बिघडलंय, नाहीतर जंत झालेत, नाहीतर म्हातारपणानं तिला आवरत नाही. पिसांच्या बुडाशी रव्यासारखे दाणे चिकटलेले दिसले की उवांची अंडी. पायाचे खवले उचललेले दिसले की त्याच्याखाली बारीक किडे, तिथे खोबरेल चोपडायचं. खुराड्याच्या फटींना चुना. आणि भिंतीच्या कडेला कोरडी माती आणि राख यांचा ढीग कायम. कोंबड्या त्यात लोळायच्या, पिसं फुलवून धूळ उडवायच्या. हीच त्यांची आंघोळ. पाण्याची आंघोळ म्हणजे अगदीच इलाज नसेल तेव्हा. तेव्हाही कोमट पाणी, टबमध्ये फक्त मागचं अंग बुडवून ठेवायचं, गोळा भिजून सुटेपर्यंत ओढायचं नाही, ओढलं तर कातडी येते. तिथली पिसं कात्रीनं कापायची आणि मग कोरडं करायचं, अगदी बुडापर्यंत कोरडं. त्यासाठी माझा केसांचा ड्रायर घ्यायच्या. मी कुरकुरायची, "माझ्या ड्रायरला कोंबडीचा वास येतो हो." त्या म्हणायच्या, "तुझ्या केसांना कुठं अत्तराचा येतोय?"

हे सगळं चाललेलं असताना मामंजी समोरच बसलेले असायचे, पण पेपर तोंडासमोर धरून. बायकांच्या मांडीवर कोंबडीची शेपटी वर, मध्ये मी, सून. त्यांना कुठे बघावं कळायचं नाही. तपासणी संपली की पेपर खाली यायचा. आम्ही दोघी त्यावर खूप हसायचो.

मग सासूबाई गेल्या. कशा गेल्या ते सांगताना अजून माझं डोकं फिरतं. पाळी जाऊन जमाना झालेल्या बाईला परत रक्त जायला लागलं, आणि ती कुणाला बोलली नाही. आम्हाला कळलं ते मोरीत चक्कर येऊन पडल्या तेव्हा. डॉक्टरीण म्हणाली, गर्भाशयाचं आहे, फार पसरलंय, कधीपासून जातंय? सासूबाई भिंतीकडे बघत राहिल्या. मी घरी आल्यावर भांडलेच त्यांच्याशी, आजारी बाईशी. "मला का नाही सांगितलं?" त्या म्हणाल्या, "जाऊ दे, झाकली मूठ." कसली डोंबलाची झाकली मूठ! कोंबडीची शेपटी उचलायला लाज नव्हती या बाईला, आणि स्वतःचं सांगायला लाज. कुणाची? माझी? शेवटी त्यांचं सगळं मीच केलं. पुसलं, बदललं, धुतलं. मी खोलीत शिरले की मामंजी उठून बाहेर जायचे. ती बाई माझ्या हातांवर गेली आणि मला एवढंच कळेना की जिच्या हातांवर जायचं तिला आधी सांगायला काय झालं होतं.

दिवसकार्य आटोपलं, पाहुणे गेले, आणि घर गप्प झालं. मामंजींना काही हवं असेल तर सांगणार कुणाला? माझा नवरा सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. मीही दिलसुखनगरला एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात कामाला, पण माझं निघणं उशिराचं. सकाळचे दोन तास घरात आम्ही दोघंच. ते खुर्चीत, मी ओट्यापाशी, मध्ये स्वयंपाकघराची खिडकी. चहा थंड झाला तरी ते म्हणायचे नाहीत, भाकरी पुरली नाही तरी मागायचे नाहीत. वाळत चालले होते.

एका सकाळी सासूबाईंची लाडकी ठिपक्याची कोंबडी मामंजींच्या खुर्चीशी आली. काळी, अंगभर पांढरे ठिपके, अंडी देणं कधीच बंद झालेलं. सासूबाईंनी तिला पिलू असताना पदरात ठेवून जगवलं होतं, त्यामुळे तिला माणसाची भीती नव्हती. तर ती आली, मान वाकडी करून यांच्याकडे बघत उभी राहिली. आणि मामंजी तिला म्हणाले, चांगलं खिडकीतून ऐकू येईल अशा आवाजात, "म्हणावं, चहात साखर नाही पडली."

माझ्या हातातली पळी थांबली. डबा बघितला तर खरंच, मी साखर घालायला विसरले होते. मी कप परत नेऊन साखर घातली, खिडकीत उभी राहिले आणि म्हणाले, "कोंबडीबाई, चुकलं म्हणावं. आता घातली."

झालं, त्या दिवसापासून सुरू. लेकी बोले सुने लागे अशी म्हण आहे ना, आमच्याकडे कोंबडी बोले सुने लागे. "म्हणावं, आज गुडघा दुखतोय." "म्हणावं, पोराचा फोन आला होता." मीही निघताना खिडकीतून, "कोंबडीबाई, डाळ झाकून ठेवलीय, गरम करून घ्या म्हणावं, आळस करू नका म्हणावं." शेवटचं मी मुद्दाम जोडायची. मामंजी मिशीत हसायचे. ती ठिपक्याची आपली मधोमध उभी, दोन्हीकडे बघायची, दाणा मिळायचा. हळूहळू ते तिला जास्त बोलायला लागले. गावचं सांगायचे, बैलांचं सांगायचे. एकदा म्हणाले, "म्हणावं, तिनं सासूचं फार केलं." मी भांडी घासत होते. नळ तसाच सोडून रडले. तेवढं ऐकायला मला किती वर्षं लागली आणि तेही कोंबडीच्या मारफत.

म्हणून सांगते, हसू नका. त्या म्हाताऱ्या कोंबडीच्या जिवावर आमचं घर बोलत होतं. तिला काही झालं असतं तर मामंजी परत गप्प झाले असते, आणि या वेळी त्या गप्पपणातून त्यांना कुणी काढलं नसतं.

कोंबड्यांचं सगळं आता मामंजींकडे होतं. सकाळी सोडणं, दाणापाणी, झाडणं, संध्याकाळी कोंडणं. मी येईपर्यंत त्या खुराड्यात गेलेल्या असायच्या. रविवारची तपासणी बंद पडली, कारण ती कोंबडी मांडीवर घेऊन बसणारी बाईच नव्हती. मी एकदा म्हणून बघितलं, "कोंबडीबाई, रविवारी तुम्हाला बघते." तर पुढच्या रविवारी मामंजी सकाळीच पेपर घेऊन रस्त्याच्या बाजूला जाऊन बसले, उन्हात. म्हाताऱ्या माणसाला असं उन्हात बसवून मी काय कोंबड्या बघणार? राहिलं.

मग पोळा आला. श्रावणातली अमावस्या. गावाकडे आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तेलानं मळायचे, पोळ्याला नदीवर नेऊन धुवायचे, शिंगं रंगवायची. इथे कुठले बैल? सासूबाई मातीचे बैल करून पुजायच्या, पुरणपोळी व्हायची. त्या वर्षी मी अर्ध्या दिवसानं घरी आले, म्हटलं पुरण तरी घालू. मागच्या दारात येते तो काय! मामंजी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून बसलेत, शेजारी बादली, हातात नारळाच्या शेंडीचा घासणा, आणि कोंबड्या धुणं चाललंय. वरून भुरभुर पाऊस. धुतलेल्या कोंबड्या भिंतीशी ओळीनं उभ्या, निथळत, सगळ्यांच्या अंगाला हळद आणि गोडं तेल. पिवळ्याधमक. अशा रागानं बघत होत्या की काय सांगू.

ठिपक्याची त्यांच्या हातात होती. माझी चाहूल लागली तसं त्यांनी तिला घाईनं खाली ठेवलं आणि तिलाच म्हणाले, "पोळा आहे आज. बैलांनी न्हायचं, मग तुम्ही काय घोडं मारलंय?"

मला हसू आवरेना. आत जाऊन मी नणंदेला पुण्याला फोन लावला, "वन्सं, तुमच्या वडलांनी कोंबड्यांचा पोळा केला बघा." दोघी पोट धरून हसलो. मग म्हटलं, बिचाऱ्यांना बैल आठवले असतील, बायको आठवली असेल. खिडकीतून म्हणाले, "कोंबडीबाई, पावसाचे दिवस आहेत, अंग नीट पुसून घ्या." त्यांनी टॉवेल घेऊन वरवर पुसलं. पण तेल लावलेली पिसं, त्यात दमट हवा, वाळणार कधी? त्यातच संध्याकाळ झाली आणि त्या ओल्या अंगानं खुराड्यात गेल्या.

बाकीच्या तरण्या होत्या, राखेत लोळून मोकळ्या झाल्या. ठिपक्याची पोळ्यानंतर खिडकीशी येईनाशी झाली. मामंजींना विचारायची सोय नाही, ते निरोप ज्या कोंबडीला सांगायचे तीच नाही. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी मीच मागे गेले. ती सीताफळाखाली पिसं फुगवून, शेपटी पाडून बसली होती. जवळ गेले तर वास. सडक्या मांसाचा वास. अंगावर माश्या, त्या उडवायचंही भान तिला नाही.

मी तिला मांडीवर घेतलं. डोकं काखेत, सासूबाईंसारखं. शेपटी उचलली.

अगं आई गं. पिसं घाणीनं आणि तेलानं चिकटून त्यांचं कवच झालेलं, आणि त्या कवचाखाली अळ्या. वळवळ नुसती. माशीनं ओल्या घाणीत अंडी घातली होती आणि अळ्या आता कातडीत शिरल्या होत्या. कोंबडी जिवंत, डोळे उघडे, माझ्याकडे बघतेय, आणि मागून तिला खाणं चाललंय. मी मोठ्यानं ओरडले. मामंजी वरांड्यातून धावत आले, शेपटी वर दिसली, आणि थांबले. पाठ वळवून उभे राहिले.

मला इतका राग आला! म्हटलं, अहो, इथे जीव जातोय आणि तुम्ही पाठ कसली करताय? पण म्हटलं ते मनात. तोंडानं मी कोंबडीलाच म्हणाले, "कोमट पाणी लागणार बाई, भरपूर. मीठ लागणार. कात्री, चिमटा."

मामंजी गेले आणि एकेक वस्तू आणायला लागले. पाण्याची बादली आणली. पाठ माझ्याकडेच. मग आमचं काम कसं चाललं ऐका. मी टबाशी बसलेली, ते माझ्याकडे पाठ करून उभे, आणि मग्गा मागे करून देतायत. मी घेतला की रिकामा हात तसाच मागे. कात्री तशीच दिली, चिमटा तसाच. मी मागची पिसं कातडीपर्यंत कापून काढली. मिठाच्या पाण्यानं धूत राहिले, अळ्या पडत राहिल्या, राहिलेल्या चिमट्यानं वेचल्या. वेचून झाल्या म्हणावं तर भोकातून आणखी वर येत. शेवटी ड्रायर आणून तिला कोरडं केलं, सासूबाईंच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलं, आणि रिक्षानं सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. मामंजी रिक्षात माझ्या शेजारी बसले, आयुष्यात पहिल्यांदा. मांडीवर कोंबडी.

डॉक्टर तरुण होता. त्यानं साडी बाजूला करून बघितलं, जखम साफ केली, इंजेक्शन दिलं. "अम्मा, पानी तो बाद में लगा," तो म्हणाला. "गंदगी पहले की है. पेट बहोत दिन से खराब था इसका. शुरू में कोई देखा नहीं?"

मी म्हणाले, "नहीं जी, किसी को मालूम नहीं था."

मामंजी कोंबडीचं डोकं कुरवाळत होते.

डॉक्टरनं सांगितलं तसं सगळं केलं. तिला घरात घेतली, माशी बसू नये म्हणून पाळण्याची जुनी मच्छरदाणी टोपलीवर टाकली, खाली रोज स्वच्छ जुनेर. सकाळ-संध्याकाळ जखम धुवायची, मलम लावायचं, चमच्यानं गूळपाणी पाजायचं. मी ऑफिसला रजा टाकली. तिथला माणूस म्हणाला, "कोंबडीसाठी रजा?" मी म्हणाले, "हौ, कोंबडीसाठी. काही म्हणणं आहे?" मामंजी टोपलीशी स्टूल घेऊन बसायचे. पण बोलायचे नाहीत. आजारी जिवाला निरोप कसले सांगायचे? मला मात्र भीती बसली की ही गेली तर मामंजीही असेच कायमचे बसतील. मी तिच्या कानाशी म्हणायची, "मेले, जगून दाखव. तुझ्या पाया पडते, जगून दाखव."

एक दिवस तिनं दोन दाणे टिपले. मी नाचायचीच बाकी राहिले होते. दुसऱ्या सकाळी मच्छरदाणी उचलली तर ती ताठ झालेली होती.

मामंजींनी मला काही करू दिलं नाही. स्वतः सीताफळाखाली खड्डा केला, थांबत थांबत, धाप लागत होती. वर दगड ठेवला. हातपाय धुतले. मी डाळीला फोडणी देत होते, काहीतरी करायचं म्हणून. तेवढ्यात पावलं वाजली आणि ते स्वयंपाकघराच्या दारात आले. त्या दारापर्यंत ते कधी येत नसत.

"ऐक," ते म्हणाले.

मी मागे वळून बघितलं, कुणाला म्हणतायत. माझ्यामागे फ्रिज होता.

"तुलाच म्हणतोय," ते म्हणाले. "मला अगोदरच दिसलं होतं. राखीपुनवेच्या सुमाराला. तिचं मागचं अंग घाण झालं होतं, गोळा झाला होता."

मला पदर सावरायचंही सुचेना.

"तुला सांगायचं होतं," ते म्हणाले. "पण असलं सुनेला कसं सांगावं? दुसरं काहीबी असतं तर तिच्या तोंडानं सांगितलं असतं, पण हे तिचंच होतं. मग म्हटलं पोळ्याचं निमित्त करावं, आपणच धुवावं. एकटीला धुतलं असतं तर तुला कळलं असतं, म्हणून सगळ्याच धुतल्या."

आणि मी त्याच्यावर फोन करून हसले होते. मी गॅस बंद केला. माझ्याही तोंडून पहिल्यांदाच निघालं, सरळ त्यांच्याकडे बघून, "मामंजी, जाऊ द्या. म्हातारी झाली होती ती. तुम्ही चांगल्यासाठीच केलंत."

मला वाटलं, आता जातील. ते दाराच्या चौकटीला धरून उभेच राहिले.

"तिनंबी सांगितलं होतं मला," ते म्हणाले.

"कुणी?"

"तुझ्या सासूनं. पडायच्या पुष्कळ आधी. रक्त जातंय म्हणाली. म्हणाली, सुनेला सांगायची लाज वाटती, तुम्ही पोराला सांगा, तो सुनेला सांगेल. पोराला मी आईचं असलं कसं सांगू? आज सांगू, उद्या सांगू केलं. तिला वाटलं, मी सांगितलंय आणि तुम्हीच काही करत नाही." त्यांचा आवाज फुटला. "तुला सांगितलं असतं तर तू नेलं असतंस. त्याच दिवशी नेलं असतंस."

नेलं असतं. ओरडून, भांडून, ओढत नेलं असतं. ते उंबऱ्यावर बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. मला एकदा वाटलं, हातातली पळी भिंतीवर फेकून मारावी. एकदा वाटलं, त्यांच्या पाठीवर हात ठेवावा. आमच्यात सून सासऱ्याच्या पाठीवर हात ठेवत नाही. मी ओट्याला टेकून खाली बसले, त्यांच्यापासून थोडी लांब, आणि मीही रडले. सासूबाई पडून होत्या तेव्हा माझ्याकडे बघायच्या, त्या नजरेचा अर्थ मला आत्ता कळत होता. हिला माहीत असून ही वेळेवर आली नाही, आता 'का नाही सांगितलं' म्हणून नुसतं दाखवायला भांडतेय, असं वाटून त्या बघत होत्या. आणि तसंच वाटून गेल्या.

नवऱ्याला मी हे सांगितलेलं नाही. त्याच्या बापानं त्याला सांगायचं होतं ते मी कशी सांगू?

त्या दिवसानंतर मामंजी माझ्याशी बोलतात. सगळं बोलतात. बांध फुटल्यावर पाणी थांबत नाही तसं झालंय. लघवीला जळजळतंय हे सांगतात, पोट साफ झालं नाही हे सांगतात, आणि मी त्याच दिवशी डॉक्टरकडे नेते. रविवारी कोंबड्या बघायला आम्ही दोघं बसतो. ते आता पेपर धरत नाहीत, कोंबडीच धरतात.

परवा सकाळी त्यांनी अंगणातून हाक मारली, शेजारच्या बिल्डिंगला ऐकू जाईल अशी. "अगं, बाहेर ये लवकर! तांबडीचं मागचं अंग घाण झालंय!" मी कोमट पाणी घेऊन गेले. त्यांनी तांबडीला धरलं, मी टबमध्ये बुडवलं. थोडीशीच घाण होती, वेळेवर दिसली होती, पाण्यात लगेच सुटली. मी चार पिसं कापली, कोरडं केलं. तांबडी पंख झाडून पळाली. एवढंच काम. इतकं सोपं.

आणि मला रडू फुटलं. एक वाक्य होतं हो, मामंजी. अंगणातून एक हाक मारायची होती. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं.

"का रडतीस?" त्यांनी विचारलं. सरळ मला, माझ्या डोळ्यांत बघून.

"काही नाही, मामंजी," मी म्हणाले.